सावलीचे देणे

वैशाख लागला, की दुपारी बारा ते चार या वेळात उधन्याचा कोणताही रस्ता खिडकीतून पाहावा. रिक्षावाला रिक्षा सावलीला लावून मागच्या सीटवर आडवा झालेला असतो. रसवंतीवाल्याने डोक्यावर ओला पंचा टाकलेला असतो. मागाच्या कारखान्यांतील खटखट तेवढी चालू असते. बाकी सारे स्तब्ध. आणि उभ्या टेम्पोच्या पोटाखाली, चारही पाय पसरून, जीभ बाहेर काढून एखादे कुत्रे पडलेले असते. सावली हातभर सरकली की तेही हातभर सरकते. आपण पडदा ओढून घेतो आणि पंख्याखाली येऊन बसतो.

आपल्या मराठीत हालअपेष्टांची परिसीमा सांगायची झाली तर ‘त्याचे हाल कुत्रा खाणार नाही’ असे म्हणतात. वाईट मरण आले तर ‘कुत्र्याच्या मौतीने मेला’ म्हणतात. म्हणजे या प्राण्याचे जगणे आणि मरणे किती कष्टाचे असते, हे आपल्या भाषेला पूर्वीपासून ठाऊक आहे. ठाऊक असूनही त्याबद्दल आपली काही जबाबदारी आहे, असे मात्र भाषेला वाटलेले दिसत नाही. प्रश्न असा, की ज्याचा कोणी धनी नाही अशा मुक्या जीवाचे उन्हाळ्यात आपण काही देणे लागतो काय? आणि लागत असू, तर ती केवळ दया, की खरोखरीचे देणे?

हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. त्यामागे माझ्या हातून घडलेली एक गोष्ट आहे. ती आधी सांगितली पाहिजे.

२०२३ चा मे महिना. आमची सोसायटी जुनी, चार मजली. निम्म्याहून अधिक बिऱ्हाडे धुळे, नंदुरबार, जळगावकडची. जिन्याखाली पाण्याची मोटर आहे. तिच्या नळाचा सांधा कैक दिवस गळत होता, त्यामुळे तिथली फरशी सदा ओली आणि थंड असे. गल्लीतली एक तांबूस कुत्री रोज दुपारी तिथे येऊन पडे. मुले तिला राणी म्हणत. ती कोणाची नव्हती. रात्री मात्र अनोळखी माणूस दिसला की भुंकत असे. तिच्याविषयी तक्रारी होत्या, आणि त्या खोट्या नव्हत्या. जिन्यात केस पडत, वास येई, एक वृद्ध बाई अंधारात तिला अडखळून पडता पडता वाचल्या होत्या. मी सोसायटीचा सेक्रेटरी. सभेत ठराव मांडला, तो एकमताने मंजूर झाला. एकाच दिवशी प्लंबर बोलावून गळती बंद केली आणि वेल्डरकडून जिन्याखाली जाळीचा दरवाजा बसवून घेतला. इतिवृत्ताच्या वहीत मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिले, ‘गळती बंद करण्यात आली व प्राण्यांचा उपद्रव थांबविण्यात आला.’

दुसऱ्या दिवशी जिना झाडणाऱ्या मावशी थांबल्या. त्या नंदुरबारकडच्या. जाळीकडे पाहत म्हणाल्या, “भाऊ, ती आते कोठे जाई?”

मी म्हणालो, “एवढी मोठी गल्ली पडली आहे, मावशी. जाईल कुठेही.”

सहाव्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमारास मी औषध आणायला बाहेर पडलो, तेव्हा विजेच्या डीपीच्या भिंतीशी ती पडलेली दिसली. सकाळी तिथे सावली असते. दुपारी सावली भिंतीच्या पलीकडे जाते. बहुधा ती सकाळी तिथे येऊन पडली असावी आणि सावली सरकली तेव्हा तिच्यात सरकण्याचे बळ उरले नसावे. तोंडाशी लाळ वाळली होती. महानगरपालिकेची गाडी आली आणि तिला घेऊन गेली. कोणी काही बोलले नाही. मावशींनीही पुन्हा तो प्रश्न विचारला नाही.

अनेक वर्षांच्या सरकारी नोकरीने मला एक सवय लावली आहे. काही विपरीत घडले की कोणत्या नियमाचा भंग झाला, हे मी आधी पाहतो. त्या रात्रीही पाहिले. ठराव रीतसर होता, गणपूर्ती होती, खर्चाची पावती होती. नियम कोणताच मोडला गेलेला दिसत नव्हता. तरीही झोप लागली नाही.

पुढच्या काही दिवसांत मी एका पशुवैद्यांना भेटलो. राणीला नेमके काय झाले असावे, हे मला समजून घ्यायचे होते. त्यांनी सांगितले ते प्रत्येकाला ठाऊक असावे म्हणून येथे देतो. माणसाच्या सर्वांगाला घाम येतो आणि तो वाळताना शरीर निवते. कुत्र्याच्या घामाच्या ग्रंथी बहुतांशी पंजांच्या तळव्यांत. त्यांनी शरीर निवण्यास फारसे साहाय्य होत नाही. त्याचा मुख्य उपाय म्हणजे धापणे. जीभ, तोंड आणि नाक यांतला ओलावा हवेत उडून जातो आणि त्याबरोबर उष्णताही जाते. पण हवा आधीच दमट असेल तर हा ओलावा उडत नाही. खानदेशातले ऊन त्रेचाळीस-पंचेचाळीस अंशांचे, पण कोरडे. सुरतेचा पारा त्यामानाने कमी चढतो, म्हणून आपण आपल्या उन्हाळ्याला सौम्य म्हणतो. कुत्र्याच्या दृष्टीने तो तितका सौम्य नाही; समुद्राकडची दमट हवा त्याचे धापणे निष्फळ करते. त्याच्या शरीराचे तापमान एरवी अडतीस ते एकोणचाळीस अंश असते. ते एक्केचाळिसाच्या वर गेले की मेंदू, मूत्रपिंडे, आतडी यांना इजा होऊ लागते. आणि डांबर वा सिमेंटचा रस्ता दुपारी हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. आपला तळहात पालथा करून रस्त्यावर पाच-सात सेकंद ठेववत नसेल, तर तो रस्ता कुत्र्याच्या पायांनाही भाजतो.

म्हणजे उन्हाळ्यात कुत्र्याला दोनच गोष्टी वाचवतात : पिण्याचे पाणी आणि गार, सावलीची जमीन. राणीने या दोन्ही गोष्टी आमच्या जिन्याखाली शोधून काढल्या होत्या. एका दिवसात मी दोन्ही बंद केल्या.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो, तेव्हा मला आश्चर्य वाटले. गृहस्थाच्या पंचमहायज्ञांपैकी एक भूतयज्ञ. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात घरातले अन्न कोणाकोणासाठी जमिनीवर ठेवावे हे सांगताना कुत्र्यांचा आणि कावळ्यांचा उल्लेख आहे. त्याच यादीत समाजाने बहिष्कृत केलेली आणि रोगपीडित माणसेही आहेत. माणसाला कुत्र्याच्या पंक्तीला बसवणारी ती दृष्टी आपण टाकून दिली, ते योग्यच झाले. पण दारचा भुकेला जीव गृहस्थाच्या हिशेबात धरलेला होता, एवढा भाग टाकण्याचे कारण नव्हते.

महाभारताच्या आरंभी सरमेची कथा येते. जनमेजयाच्या यज्ञाच्या ठिकाणी आलेल्या एका कुत्र्याला त्याचे भाऊ मारतात. त्याने हविर्द्रव्याकडे पाहिलेले नसते, त्याला तोंड लावलेले नसते. त्याची आई सरमा, देवांची कुत्री, येऊन जाब विचारते. राजबंधूंकडे उत्तर नसते. तेव्हा ती शाप देते, की निरपराध्याला मारलेत म्हणून तुमच्यावर न दिसणारे भय येईल. त्याच ग्रंथाच्या शेवटाकडे, महाप्रस्थानिक पर्वात, युधिष्ठिर आपल्यामागे चालत आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गाच्या रथात चढण्यास नकार देतो. इंद्राचा युक्तिवाद नियमाला धरून आहे : स्वर्गात कुत्र्याला जागा नाही. युधिष्ठिराचे म्हणणे एवढेच, की विश्वासाने आश्रयाला राहिलेल्याचा त्याग करणे हे महापाप आहे. एवढ्या प्रचंड ग्रंथाच्या दोन टोकांना एकेक कुत्रे उभे आहे, आणि दोन्ही वेळा राजकुळातील माणसाची परीक्षा होते आहे.

संतांच्या कथा तर आपल्याला घरोघरी ठाऊक. पोळी घेऊन पळालेल्या कुत्र्याच्या मागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले. रामेश्वराला वाहायला नेलेले गंगाजल एकनाथांनी वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. या कथा आपण मुलांना सांगतो, त्या नाथांचे आणि नामदेवांचे थोरपण सांगण्यासाठी. माझ्या मनात आता एक निराळीच गोष्ट राहिली आहे. ते गाढव कोणाचे, असे नाथांनी विचारले नाही.

आपल्या सुरतेलाही या बाबतीत इतिहास आहे. १६८९ मध्ये जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री येथे आला होता. १६९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने सुरतेतील जनावरांच्या रुग्णालयाची नोंद केली आहे. गाई, घोडे, बकऱ्या यांच्याबरोबर आजारी आणि जर्जर कुत्र्यांचीही तिथे देखभाल होत असे. परदेशी माणसाला ते नवल वाटले. गुजरातेत हा संस्कार पुरता मेलेलाही नाही. मेहसाणा जिल्ह्यातील पांचोट गावी कुत्र्यांच्या पोटापाण्यासाठी जमीन राखून ठेवलेली आहे, अशी बातमी २०१८ साली वर्तमानपत्रांतून आली होती.

याच्या उलट टोकाची गोष्ट मुंबईत घडली, आणि तिचा संबंध थेट उन्हाळ्याशी आहे. कंपनी सरकारच्या काळात उन्हाळ्याच्या ठराविक दिवसांत मोकाट कुत्री मारण्याची पद्धत होती, कारण उष्णतेने कुत्री पिसाळतात असा समज होता. १८३२ मध्ये ही मुदत वाढविण्यात आली. मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे मिळत. तेव्हा लोभापायी लोकांच्या घरांतली कुत्रीही ओढून नेली जाऊ लागली. पारशी समाजात मृताला कुत्र्याची दृष्टी पडू देण्याचा विधी आहे, त्यांच्या ठायी कुत्र्याला मान आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी विरोध केला, दुकाने बंद पडली, दंगल झाली. पुढे १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय आदी धनिकांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ स्थापन झाली.

उन्हाने कुत्रे पिसाळते हा समज आजही ऐकू येतो. तो खरा नाही. पिसाळणे हा विषाणूचा रोग आहे, तो रोगी प्राण्याच्या चाव्यातून पसरतो. मात्र तापलेला जीव चिडतो, हे खरे असावे. अमेरिकेतील आठ शहरांच्या नोंदींवरून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अधिक उष्ण दिवसांत कुत्रे चावण्याच्या घटना काहीशा वाढलेल्या आढळल्या. तेव्हा त्याला सावली आणि पाणी मिळणे हे आपल्या नातवंडांच्याही हिताचे आहे.

परंपरा आहे, इतिहास आहे, कायदाही आहे. मग राणी कोणाच्याच हिशेबात का नव्हती? याचे उत्तर मला माझ्याच नोकरीतल्या एका आठवणीत सापडले. १९८७ च्या दुष्काळात मी महसूल खात्यात नवा कारकून होतो. उत्तर गुजरातेतल्या गुरांच्या एका छावणीवर मला काही आठवडे पाठविण्यात आले. माझ्याकडे नोंदवही असे : गाय, बैल, म्हैस, वासरू, प्रत्येकासाठी रकाना, त्यापुढे गवत आणि पाणी. एका मालधाऱ्याबरोबर त्याचे कुत्रे आले होते, हाडांचा नुसता सापळा. टँकरमधून ठिबकणारे पाणी ते चाटत होते. मालधाऱ्याने त्याच्यासाठी एक घमेले पाणी मागितले. मी त्याला वही दाखवून सांगितले, की कुत्र्याचा रकाना नाही. तो म्हणाला, “साहेब, तरसने खानुं न होय.” तहानेला रकाना नसतो. तो रागावून बोलला नव्हता. आपल्या गुरांच्या वाट्यातले पाणी त्याने कुत्र्याला दिले. मी ते पाहिले न पाहिलेसे केले आणि त्यालाच त्या वेळी दयाबुद्धी समजलो.

कायद्याची घडणही बरीचशी त्या नोंदवहीसारखी आहे. ओझी वाहणाऱ्या आणि गाडी ओढणाऱ्या जनावरांविषयी १९६५ चे नियम आहेत. तापमान सदतीस अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन या वेळात त्यांना कामाला जुंपू नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. बैलाला दुपारची विश्रांती मिळाली, कारण तो कामाचा आहे आणि त्याला धनी आहे. प्राण्यांना निर्दयतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात जनावराला पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे हा गुन्हा आहे. पण तो धन्याचा गुन्हा. धनीच नसेल तर जाब विचारायचा कोणाला? १९७६ मध्ये राज्यघटनेत मूलभूत कर्तव्ये आली. त्यांत सजीवांविषयी करुणा बाळगणे हेही आले. ते कर्तव्य सर्वांचे, म्हणून बहुधा कोणाचेच नाही.

पुढे वाचता वाचता मला आणखी एक गोष्ट कळली. मार्च २०२३ मध्ये, म्हणजे आमच्या ठरावाच्या दोनच महिने आधी, केंद्र सरकारने प्राणी जन्मनियंत्रणाचे नवे नियम लागू केले होते. वसाहतीत राहणाऱ्या मोकाट कुत्र्यांच्या खाण्याची व्यवस्था लावण्याची जबाबदारी त्यांत रहिवाशांच्या संघटनेवर टाकलेली आहे. ही जागा जिना, प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळण्याचे ठिकाण यांपासून दूर असावी, असेही त्यांत आहे. हे वाचले आणि माझा अपराध मला नेमका कळला. राणीला जिन्याखालून हलविण्यात काही गैर नव्हते. तिला हलवून दुसरी कोणतीच जागा न देण्यात गैर होते. मावशींचा प्रश्न तेवढाच होता.

या मताला दोन आक्षेप मी मंडळाच्या बैठकीत ऐकले आहेत. दोन्ही सज्जनांचे आहेत, म्हणून त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप असा, की जिथे माणसालाच सावली नाही तिथे कुत्र्याचे कौतुक कशाला? उधन्यात हा आक्षेप कोणी हसण्यावारी नेऊ शकणार नाही. पत्र्याच्या शेडमध्ये बारा बारा तास माग चालविणारा कामगार कसा राहतो, हे आपल्यातील अनेकांच्या वडिलांनी स्वतः भोगलेले आहे. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांपर्यंत गेला. त्या महिन्यात एरवीच्या अपेक्षेपेक्षा १३४४ मृत्यू अधिक झाले, असे नंतरच्या अभ्यासात दिसले. त्यातून २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली. मरणारे बहुतेक गरीब. पण विचार करा, कामगार आणि कुत्रे यांच्यात सावलीसाठी भांडण आहे काय? दुपारच्या सुट्टीत कारखान्याबाहेरच्या लिंबाखाली कामगार डबा उघडतो, तेव्हा त्याच लिंबाखाली दोन हातांवर कुत्रे बसलेले असते, आणि भाकरीचा शेवटचा तुकडा त्यालाच मिळतो. लिंब तोडला गेला की दोघेही उन्हात येतात. मुक्या जीवांशी कठोर वागणारा माणूस माणसांशीही कठोर होत जातो, असे कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने म्हटले होते. प्राण्यांविषयी आपले थेट कर्तव्य नाही असे मानणाऱ्या विचारवंताने हे म्हटले, हे विशेष. बेंथॅमने १७८९ मध्ये त्याच्याही पुढे जाऊन सांगितले, की प्राण्याला बुद्धी वा वाणी आहे काय हे विचारू नका, त्याला वेदना होतात काय ते विचारा.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. आमच्या शेजारच्या गृहस्थांच्या नातवाला कुत्रे चावले. लशीचे सारे डोस पूर्ण होईपर्यंत त्या घराने जे दिवस काढले, ते मी पाहिले आहेत. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. त्यांना मी युधिष्ठिराची गोष्ट सांगायला गेलो नाही, जाऊही नये. सर्वोच्च न्यायालयातही हाच ताण दिसला. ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील मोकाट कुत्री निवाऱ्यांत नेऊन ठेवण्याचा आदेश झाला. २२ ऑगस्टला तो बदलला : नसबंदी आणि लसीकरण करून कुत्र्यांना मूळ जागी सोडावे, पिसाळलेली व आक्रमक कुत्री सोडू नयेत, खाऊ घालण्याच्या जागा ठरवून द्याव्यात. पुन्हा नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा ठिकाणांहून ती हटविण्याचे आदेश झाले. ज्या मुलाला चावा बसला त्याचा हक्क आणि ज्या जीवाला तहान लागली त्याचा हक्क, दोन्ही खरे आहेत. त्यांतला एक खरा म्हणून दुसरा खोटा ठरत नाही. लस टोचलेले, नसबंदी झालेले, पाणी प्यायलेले आणि सावलीत निजलेले कुत्रे हेच त्या मुलालाही अधिक सुरक्षित असते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. दया, की देणे?

माझे वडील तापी व्हॅलीच्या गाडीने खानदेशातून उधन्यास आले, तेव्हाच्या चाळीची मला लहानपणची आठवण आहे. समोर मातीचे अंगण, सकाळ-संध्याकाळ त्यावर सडा. नळाशेजारी दगडी डोणी, उघडी मोरी, दोन लिंब, एक उंबर. गावाकडे विहिरीजवळ हाळ असे, येथे त्याला हवाडो म्हणत. त्या अंगणात कुत्र्यांसाठी कोणी मुद्दाम काही करीत नव्हते. करण्याची गरजच नव्हती. माती ओली होती, सावली होती, खरकटे पाणी होते. त्यांना हवे ते आपोआप मिळत होते. पुढे आपली परिस्थिती सुधारली. आपण अंगणात पेव्हर ब्लॉक बसविले, मोऱ्या झाकल्या, लिंब तोडून पार्किंग केले, फाटके लावली. हे सारे आरोग्यासाठी आणि सोयीसाठी केले. १९९४ चा प्लेग पाहिलेल्या सुरतकराला स्वच्छतेचे महत्त्व कोणी सांगायला नको. पण यातल्या प्रत्येक सुधारणेबरोबर सावलीचा आणि ओलाव्याचा एकेक तुकडा त्या प्राण्याच्या हातून गेला, आणि त्याची भरपाई कोणी केली नाही. जमीन संपादनाची कामे मी आयुष्यभर पाहिली. सार्वजनिक कामासाठी कोणाची जमीन घेतली तर त्याला मोबदला द्यावा लागतो; ती कृपा नसते, त्याचा हक्क असतो. ज्याच्याकडे सातबारा नाही, त्याचाही भोगवटा पाहिला जातो. कुत्र्याचा भोगवटा तर आपल्या सोसायट्यांहून जुना आहे.

म्हणून मी याला दया म्हणत नाही. दया करणाऱ्याला आपण काही अधिक केले असे वाटते. देणे फेडणाऱ्याला तसे वाटण्याचे कारण नसते. आणि देण्याला सीमाही असते, हे व्यवहारी वाचकांनी लक्षात घ्यावे. प्रत्येक कुत्रे घरात घ्या, असे त्यात नाही. आपण घेतले तेवढे परत करा, एवढेच आहे.

ते परत करणे फार अवघड नाही. फाटकाबाहेर, वर्दळ नसलेल्या सावलीच्या जागी मातीचे पसरट कुंडे ठेवावे. त्यातले पाणी रोज ओतून, घासून, पुन्हा भरावे. साचलेल्या पाण्यात डास होतात आणि डेंग्यूचा अनुभव आपल्याला आहे. गच्चीवरच्या टाकीचे पाणी मे महिन्यात चटका देणारे असते, ते न भरता माठातले भरावे. दुपारी कुत्र्याला सावलीतून उठवू नये. एखादे कुत्रे जोराने धापत असेल, लाळ घट्ट झाली असेल, हिरड्या लालभडक दिसत असतील, चालताना झोक जात असेल, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत न्यावे, अंगावर गार पाणी ओतत राहावे, वारा घालावा, शुद्धीवर असेल तर थोडे थोडे पाणी पिऊ द्यावे, पण तोंडात बळेच ओतू नये. ओले फडके गुंडाळून ठेवू नये, त्याने उष्णता आत कोंडते. आणि मग पशुवैद्याकडे न्यावे. अनोळखी कुत्रे असेल तर तोंडापासून दूर राहून हे करावे.

ज्यांच्या घरी कुत्रे पाळलेले आहे, त्यांचे देणे अर्थातच अधिक. २००३ च्या सुमारास एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत पग जातीचे कुत्रे झळकले आणि ते घरोघरी आले. चपट्या नाकाच्या या कुत्र्याला धापणेच नीट जमत नाही, ते आपल्या हवेचे नाही. दाट केसांच्या थंड प्रदेशातल्या जाती आणून त्यांना गच्चीवर बांधणारेही मी पाहिले आहेत. फिरवायला न्यायचे ते सूर्योदयापूर्वी किंवा रस्ता निवल्यावर. बंद मोटारीत पाच मिनिटेही ठेवू नये; उन्हात उभ्या मोटारीत दहा मिनिटांत दहा अंशांच्या आसपास उष्णता वाढते. हौस आपली आणि ताप त्याचा, असा व्यवहार न्याय्य म्हणता येत नाही.

आमच्या सोसायटीत २०२४ च्या उन्हाळ्याआधी मी दुसरा ठराव मांडला. जिन्याखालचा जाळीचा दरवाजा तसाच ठेवला. मागच्या भिंतीजवळ, मोटारींच्या पलीकडे, दोन पेव्हर ब्लॉक काढून माती मोकळी केली, वर गवती छप्पर टाकले, एक कुंडे ठेवले. गल्लीतल्या कुत्र्यांच्या लसीकरणाची आणि नसबंदीची नोंद ठेवायची, असेही ठरविले. नातवाला चावा बसलेल्या शेजारच्या गृहस्थांनी ठरावाच्या विरोधात मत दिले. त्यांचे मत मी वहीत नोंदविले आणि त्यांच्याशी माझे बोलणे पूर्वीसारखेच आहे. कुंडे भरण्याचे काम माझ्याकडे आहे. सकाळी सहा वाजता आणि दुपारी एक वाजता मी माठातले पाणी घेऊन खाली जातो.

यंदाच्या वैशाखात एक काळे कुत्रे तिथे येऊन पडत होते. अद्याप त्याला कोणी नाव दिलेले नाही. एके दिवशी मावशी झाडू टेकून त्याच्याकडे पाहत उभ्या होत्या. मला वाटले, त्या राणीविषयी काही बोलतील. त्या म्हणाल्या, “भाऊ, कुंडं रिकामं शे.” मी वर जाऊन पाणी आणले.